गवत आणि घास

आधी एक काम करा. डोळ्यांसमोर एक गोठा आणा. फार मोठा नको. चार मेढी, मातीच्या भिंती, वर पत्रे, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड. आत दोन बैल आणि एक पांढरी गाय. दाराशी एक खाट. खाटेवर एक म्हातारा माणूस, त्याचा एक पाय गोधडीच्या वळकटीवर ठेवलेला. आता त्या गोठ्याच्या दारात स्वतःला उभं करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात, पायात शहरातल्या चपला आहेत, आणि आत जावं की न जावं हे तुम्हाला कळत नाही, कारण तो म्हातारा तुमच्याकडे बघतो आहे आणि बोलत काहीच नाही.

उभे राहिलात? मग समीक्षा कुठे उभी होती ते तुम्हाला कळलं.

तो म्हातारा तिचा आजोबा, मोतीलाल आबा. दसऱ्याच्या आधी तो बैलगाडीवरून घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याच महिन्यात धुळ्याला, देवपुरात, समीक्षाचे पप्पा युवराज ज्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायचे तो बंद झाला. लोक आता आमंत्रण मोबाइलवर पाठवतात, पत्रिका पाचपन्नासच छापून घेतात, त्यात छापखाना काय चालणार? मग दिवाळीनंतर युवराज, त्याची बायको कामिनी, समीक्षा आणि तिचा सात वर्षांचा भाऊ प्रेमराज असे चौघे सामान टेम्पोत घालून साक्रीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावी आले.

प्रेमराजला काही जड गेलं नाही. आठ दिवसांत तो वासरासारखा हुंदडू लागला, पंधरा दिवसांत आहेला "शे" आणि नाहीला "नही" म्हणत गावची अहिराणी बोलू लागला. समीक्षाचं तसं झालं नाही. शाळेत पहिल्याच दिवशी सरांनी गणित घातलं आणि ती म्हणाली, "मला हे येत नाहीये." मागच्या बाकावरून कोणीतरी नाक दाबून म्हटलं, "नाहीये!" तेव्हापासून तिचं नावच नाहीये पडलं. विहिरीवर गेली तरी "नाहीये उनी, नाहीये उनी." म्हणजे नाहीये आली. घरी शेणाची पाटी उचलताना तिने ओढणी नाकाला लावली, ते आबाने बघितलं. नुसतं तोंड फिरवलं.

आबा कमी बोलायचा. आवडलं तर "हं" म्हणायचा. नाही आवडलं तर तेही म्हणायचा नाही. आजीने भाकरी चांगली केली, "हं." बैल सरळ तासात चालला, "हं." प्रेमराजने एकदा बैलाच्या गळ्यातलं दावं बरोबर सोडलं, त्यालासुद्धा "हं" मिळालं, आणि तो दिवसभर अंगणात उड्या मारत होता. समीक्षाला दीड महिन्यात एकदाही मिळालं नव्हतं. ती मनातल्या मनात मोजत होती.

आबाचं एक होतं. तरुणपणी त्याने बावीस वर्षं सालदारकी केली होती, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात आणि गोठ्यात राबला होता. त्या कष्टातून ही तीन एकर जमीन झाली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सातबाऱ्याचा पहिला कागद काचेत घालून लावलेला होता. पण आबा जमिनीचा गर्व सांगायचा नाही. सांगायचा तो एकच.

"बावीस साल दुसराना गोठामां काढात. मन्हा हातखाल एक बी ढोर मरनं नही."

एकही जनावर मेलं नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. आणि आता त्याच्या गोठ्यात ढवळी, ती पांढरी गाय, होती, आठ-दहा दिवसांत व्यायला टेकलेली. पोट दोन्ही बाजूंनी इतकं फुगलं होतं की दारातून आत जाताना ती मेढीला घासायची.

त्या शुक्रवारी सकाळीच बापलेकांची कुरबुर झाली. कांदा लावायच्या तुकड्यात हरळी माजली होती. हरळी म्हणजे जमिनीत खोल मुळं रोवणारं चिवट गवत. आबाचं म्हणणं, नांगर घाल आणि मागून हाताने वेचून काढ.

"वेचायला माणसं कुठे आहेत आबा?" युवराज म्हणाला. मुलांसमोर तो बापाशीही शहरातल्यासारखंच बोलायचा, आणि नेमकं तेच आबाला टोचायचं. "नांगराने हरळी तुटते आणि दुप्पट फुटते. औषध मारतो. दोन दिवसांत तुकडा मोकळा."

"औषध मारी मारी जमीन मरी जास."

"सगळं गाव मारतं."

"निंबाना बैलले इचार."

शेजारच्या निंबा नानाचा बैल तीन वर्षांमागे मेला होता. औषधाची बादली धुवायची राहिली होती, बैलाने ती चाटली. एवढंच. चौथ्या दिवशी बैल गेला. त्या औषधावर उतारा नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं.

तरी दुपारी युवराजने तोंडाला फडकं बांधलं, पाठीवर पंप चढवला आणि हरळीवर औषध मारलं. सवय नव्हती. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले, चेहरा लाल झाला. दिवस कलायला आला तेव्हा तो परतला आणि पंप गोठ्याच्या भिंतीला टेकवून तिथेच बसला. आबा खाटेवरून म्हणाला, "पंपमां गवतनं औषध शे अजून?"

"दोन-तीन लिटर उरलंय. ओतून नाही देत. नंतर गवतावरच टाकून येतो आणि पंप विसळून ठेवतो."

तेवढ्यात विहिरीकडून हाक आली. मोटर चालू राहिली होती आणि पाट फुटून पाणी निंबा नानाच्या हरभऱ्यात शिरत होतं. युवराज फावडं घेऊन धावला. थोड्या वेळाने आबाचा डोळा लागला. दारात समीक्षा उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

आता इथे नीट लक्ष द्या. तिने ऐकलं ते एक अक्षरही चुकीचं नव्हतं. गवताचं औषध आहे, गवतावर टाकायचं, मग पंप विसळायचा. देवपुरात तिच्या शेजारी तहरीम राहायची. तहरीमचे अब्बू गाद्या भरायचे, आणि तहरीमच्या घरी गवताला घास म्हणत. चार वर्षं दोघी एका बाकावर बसल्या. घास म्हणजे गवत, हे समीक्षाला आपलं नाव यावं तितकं येत होतं. आणि इथे, गोठ्यामागे, तीन वाफे होते. हिरवेगार, गुडघ्याएवढे. आजी त्याला रोज घास म्हणायची. "घास कापीसन लयनू," म्हणजे घास कापून आणला. मग ते गवतच की. औषध आपण कशाला घेतो? बरं व्हायला. झाडाला मारतात ते कशाला? झाड चांगलं व्हावं म्हणून. सकाळचं भांडण हरळीचं होतं, आणि हरळी हेही गवतच हे तिला माहीत नव्हतं. गवताचं औषध गवताच्या भल्यासाठीच असणार.

पंप तिला उचलला नाही. तिने तो फरफटत नेला, एका हाताने दांडा हलवला, दुसऱ्या हाताने नळी धरली. उतरत्या उन्हात बारीक थेंबांचा धूर चमकला. मधल्या वाफ्यावर तिने तो नीट, कडेपासून कडेपर्यंत फिरवला, जागा सुटू नये म्हणून दोनदा. मग जनावरांच्या पाण्याच्या हौदाजवळ नाही, लांब नाल्याच्या कडेला जाऊन तिने पंप तीन वेळा विसळला. बादलीची गोष्ट तिला आठवत होती.

युवराज परतला तेव्हा पंप पालथा घालून ठेवलेला.

"पंप कोणी रिकामा केला?"

"मी."

त्याने तिचा दंड धरला. "हात लावलास तू त्याला? वेडी आहेस का? कुठे ओतलंस?"

"गवतावर टाकलं. आणि नाल्याकडे विसळला. तीनदा."

हरळीवरच टाकलं असं समजून युवराजने श्वास सोडला. त्याने तिला मोरीवर नेऊन कोपरापर्यंत साबणाने चार वेळा हात धुवायला लावले, कपडे बदलायला लावले, आणि पुन्हा असं केलंस तर बघ म्हणून दम दिला. पण खाटेवर आबा जागा झाला होता. त्याने पालथा पंप बघितला. हौदापासून लांब, नाल्याकडे गेलेली ओली फरफट बघितली. मग नातीकडे बघितलं.

"हं," आबा म्हणाला.

त्या रात्री समीक्षाला भाकरी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. अकराला सुटल्यावर ती दप्तरासकट थेट गोठ्यामागे गेली. औषधाने गवत किती वाढलं ते बघायचं होतं.

मधला वाफा अर्धा कापलेला होता. पहाटे अंधारातच आजीने विळ्याने कापून नेलेला, बुडखे नुसते दिसत होते. उरलेला अर्धा उभा होता. पण तो हिरवा नव्हता. पानं आक्रसली होती, कडा तपकिरी झाल्या होत्या, मधे पांढुरके डाग. फोडणीचं कढत तेल सांडावं तसं. डावीकडचा वाफा हिरवा. उजवीकडचा हिरवा. फक्त मधलाच.

ऊन लागलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिला वाटलं, पाणी कमी पडलं असेल. मग ती पाय ओढत कांद्याच्या तुकड्याकडे गेली, जिथे पप्पांनी औषध मारलं होतं. तिथली हरळी तशीच होती. तोच तपकिरी रंग, तेच डाग. सकाळी पप्पा हेच बघून खुशीत शीळ घालत होते. गवत मेलं म्हणून.

गवताचं औषध. गवत मरायचं औषध.

ती मागे वळली. कापलेला अर्धा वाफा कुठे गेला?

तो गोठ्यात होता. घास म्हणजे साधं गवत नव्हे, जनावरांसाठी मुद्दाम पेरलेला लसूणघास. तो ओला दिला तर जनावराचं पोट फुगतं, म्हणून आजी सकाळी कापून आणायची, गोठ्याच्या कडेला पसरून ठेवायची आणि दुपार कलली की घालायची. आज शनिवार. आजी आणि आई निमझाडीच्या वावरात कापूस वेचायला गेल्या होत्या, प्रेमराज शाळा बुडवून त्यांच्याबरोबर. पप्पा साक्रीच्या बाजाराला. म्हणजे घास अजून तसाच पसरलेला असणार. कोणाला काही सांगायचं नाही. गुपचूप उचलायचा आणि नाल्यात टाकायचा. आजीने विचारलं तर म्हणायचं, शेळ्यांनी खाल्ला.

ती धावत गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. आत आबा एकटा नव्हता. खाटेच्या पायथ्याशी निंबा नाना तंबाखू मळत बसला होता. निंबा नाना म्हणजे गावाचा भोंगा. त्याच्या कानावर सकाळी पडलं की संध्याकाळी बसस्टँडवर.

"तुन्हा युवराजनी काल मन्हा हरभरामां तळं करी दिन्हं, मोतीलालभाऊ," नाना म्हणत होता. "छापखानामां शाई भरनारा माणूस. त्याले पाट कसा समजी?"

"शिकी जाई," आबा म्हणाला.

"आन पोरं? तुन्ही ती नाहीये?"

समीक्षाचे कान तापले.

"ती पोर डोकानी शे," आबा म्हणाला. "काल तिनी पंप धुया. हौदवर नही धुया, नालावर जाईसन धुया. कोन्ही सांगेल नव्हतं. तुले तरी सुचनं व्हतं का तव्हय?"

निंबा नाना हसायचा थांबला. आपल्या मेलेल्या बैलाची आठवण त्याला बोचली असावी. तो उठला, हात झटकले आणि बोलणं बदलावं म्हणून गायीकडे वळला. "ढवळी भूकी दिखस," असं म्हणत त्याने वाकून पसरलेल्या घासातला ओंजळभर उचलला.

सांगायचं म्हणजे सगळं जाणार होतं. कालचं "हं" जाणार. आत्ताच बोललेलं वाक्य जाणार. पप्पांनी हट्टाने आणलेलं औषध, शाई भरणारा माणूस, नाहीये, हे सगळं आज संध्याकाळी बसस्टँडवर. आणि सांगायचं नाही म्हणजे? ढवळीने मान पुढे केली. नानाने हात पुढे केला.

"नको!"

समीक्षा आत घुसली ती दप्तरासकट. गायीच्या ओठांत दोन-तीन काड्या गेल्या होत्या. तिने गायीच्या तोंडात हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. आतलं ऊन, ओलं, खरखरीत तोंड, जिभेचा रेटा, दाढांची धार अंगठ्यावर. काड्या बाहेर ओढल्या, पण एक अर्धीच हातात आली. ढवळीने मान झटकली आणि समीक्षा शेणात बसली.

"काय वं पोर, येडी व्हयनी का?" नाना ओरडला.

"नका देऊ तिला. काहीच नका देऊ. त्याच्यावर औषध आहे." ती रडत नव्हती, पण आवाज फुटला होता. "मी टाकलं. काल. पप्पा म्हणाले गवतावर टाकायचं. मला वाटलं घास म्हणजे गवत. मला वाटलं त्याने गवत वाढतं."

आता नाना हसणार, म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली. नाना हसला नाही. त्याने हातातला घास टाकला, आपले हात बघितले आणि भिंतीला टेकला.

आबाने काठी शोधली नाही. तो खाटेवरून एका पायावर उतरला, मेढीला धरून, दात ओठांवर रोवून. पडल्यापासून तो काठीशिवाय उभा राहिला नव्हता.

"कितलं गयं पोटमां?"

"माहीत नाही. अर्धी काडी. मला अर्धीच सापडली."

"खरं सांगस ना?"

"हो आबा."

"निंबा, पाणी लय."

निंबा नानाने बादली भरून आणली, आणि आणताना ती आधी दोनदा विसळली. आबाने ढवळीचं तोंड उघडून धरलं, नानाने पाणी मारलं, समीक्षाने दावं आवळलं. जिभेखाली अर्धी काडी सापडली की नाही ते पाण्यात कळलं नाही. मग नानाने आपल्या मोबाइलवरून ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खायला काही देऊ नका, लाळ गळते का ते बघा, मी चारपर्यंत येतो. आणि काळजी करण्यासारखं नसेल तर ती आपणहून रवंथ करील. रवंथ केलं की समजा टळलं.

फोन ठेवून नाना खालच्या आवाजात समीक्षाला म्हणाला, "मन्हा बैलनी बी एकच डाव चाटं व्हतं. मी तव्हय तीन दिन कोनले सांगं नही. लाज वाटनी." मग डोक्यावरची टोपी सारखी करत आबाला म्हणाला, "मी आज आठे उनू नही, भाऊ. काही देखं नही." म्हणजे तो आज इथे आलाच नव्हता.

तो गेला. बसस्टँडच्या दिशेने नाही, घराच्या दिशेने.

दुपार सरता सरेना. चुलीपाशी आईने तिची भाकरी झाकून ठेवली होती. एक तुकडा तोंडात घातला, पण घास घशाखाली उतरेना. ती गायीसमोर पाटावर बसून राहिली. ढवळी उभी होती. मान खाली. तोंड बंद. जबडा हलत नव्हता.

चारच्या सुमारास आजी, आई आणि प्रेमराज आले, पाठोपाठ मोटरसायकलवर डॉक्टर, आणि तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन पप्पाही. डॉक्टरांनी तोंड तपासलं, जीभ भाजलेली नाही म्हणाले, एक इंजेक्शन दिलं, आणि तेच पुन्हा सांगितलं, रवंथ बघा. ते गेल्यावर गोठ्यात कोणी कोणाकडे बघेना. पार्वताबाई, म्हणजे आजी, घासाच्या ढिगाकडे बघत पदर तोंडाला लावून उभी होती. पहाटेच्या अंधारात तो तिनेच कापला होता. तिला डाग दिसले नव्हते, वासही आला नव्हता.

आबा युवराजला म्हणाला, "तुन्हं औषध."

"मी काय घासावर मारलं का?" युवराजचा आवाज चढला, आणि चढताना तो एकदम गावचा झाला. "मी गवतवर टाकानं सांगं व्हतं!"

"पोरनी हातमां कसं गयं?"

"तुमी जागा व्हतात ना आठे? तुमले दिखनं नही?"

बैल मागे सरकले. प्रेमराज आईच्या मागे गेला. समीक्षा पाटावरून उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आबाच्या छातीएवढीसुद्धा नव्हती ती.

"पप्पांनी मला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "कोणीच सांगितलं नव्हतं. मी ऐकलं आणि मला आबांकडून शाबासकी पाहिजे होती. म्हणून विचारलं नाही."

युवराजने मान वळवली. आबा काठीवर रेलला.

"मी बी 'हं' म्हनं," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "कोनतं गवत, ते इचारं नही. इचारतू तं काल सांजलेच समजतं." मग मुलाकडे न बघता, "खड्डा खन. बठ्ठा घास गाड. तो वाफा बी उपटी टाक."

"हाऊ आबा," युवराज म्हणाला, आणि कुदळ घ्यायला वळला.

घास गाडला. पण बैल भुकेले होते, आणि उरलेल्या दोन वाफ्यांवर वाऱ्याने काय उडालं असेल कोण जाणे, आजी त्यांना हात लावू देईना. तिने विळा कमरेला खोचला. "नालावर जास," ती म्हणाली. समीक्षाने खुंटीवरचा दुसरा विळा काढला आणि काही न विचारता मागे निघाली.

नाल्याच्या उतारावर आजी शिकवत गेली. तिला शिकवायचं असं काही वाटत नव्हतं, ती नुसतं काम करत बोलत होती. हाई कुंदा शे, उंच, गोड, बैल पहिले हाईच खातस. हाई पवन्या. हाई गाजरगवत, पांढरी फुलं, याले हात लावू नको, अंगले खाज सुटस. विळा ओढायचा, मारायचा नाही. मूठ खाली धरायची. समीक्षाने मूठ वर धरली आणि करंगळीला चीर पडली. आजीने चिरीवर माती लावू दिली नाही, घोटभर पाण्याने धुऊन पदराची चिंधी बांधली. मग परत कापायला लावलं.

दिवेलागणीच्या थोडं आधी दोघी परतल्या. समीक्षाच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भारा. मान हलत होती, गवताच्या काड्या डोळ्यांत जात होत्या. वाटेवर शाळेतली दोन पोरं उभी होती. एक म्हणाला, "देख, नाहीये." तिने मान वळवली नाही, वळवली असती तर भारा पडला असता.

अंगणात पाय ठेवला आणि प्रेमराज ओरडत आला. "ताई! ढवळीच्या तोंडात काहीतरी आहे! ती चावतेय! कोणी काही दिलं नाही तरी चावतेय!"

समीक्षा गोठ्याकडे वळली. भारा एका बाजूला कलला. आई धावली. पण खाटेवरून आबाने हात वर केला, थांबा म्हणून. गोठ्यात ढवळी पाय मुडपून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, लाळ नाही, आणि जबडा सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, काही घाई नसल्यासारखा फिरत होता.

"रवंथ करी राहिनी," आबा म्हणाला.

आजी उंबऱ्यावरच बसली. युवराजने कुदळ भिंतीला टेकवली आणि हाताच्या मातीसकट तोंड पुसलं. दूर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

आबाने नातीकडे बघितलं. तिच्या डोक्यावरच्या भाऱ्याकडे, करंगळीच्या चिंधीकडे, शेणाने भरलेल्या शाळेच्या कपड्यांकडे. त्याचा चेहरा सैल झाला.

"हं," तो म्हणाला.

ती दीड महिना ज्याची वाट बघत होती, तेच हे. भारा उतरवायचा, हसायचं, झालं. समीक्षाने भारा उतरवला नाही. मान दुखत होती, तरी ती गोठ्याच्या दारात उभी राहिली, आत जावं की न जावं हे जिथे तिला कधी कळत नसे तिथेच.

"नुसतं हं नका म्हणू, आबा," ती म्हणाली. "विचारा."

आबाने डोळे बारीक केले. काठी हाताशी ओढली आणि तिच्या भाऱ्यातून लोंबणाऱ्या एका काडीकडे टोक केलं.

"हाई काय शे?"

"कुंदा शे."

"आन हाई?"

"पवन्या शे."

"कोठून लयनी?"

"नालावरून. वरल्या अंगानं. तिकडे औषध मारेल नही, आजीले इचारं मी."

शेवटचा शब्द बोलल्यावर आपण कसं बोललो ते तिच्या लक्षात आलं, पण थांबायला वेळ नव्हता. तिने भारा खाली टाकला, सोडला, पसरला, आणि बैलांना घालण्याआधी ती उकिडवी बसली. मग एकेक मूठ उचलून, उजेडाकडे धरून, नाव घेत, ती बाजूला ठेवू लागली.